बाकरवडीचं ऑपरेशन

रात्रीचा पाऊण. मे महिना, वारा बंद, घामाच्या धारा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन ॲक्टिव्हांच्या मधल्या फटीत मी उकिडवी बसलेय. हातात नायलॉनच्या दोरीचं एक टोक, दुसरं टोक पिंजऱ्याच्या दाराला. पिंजऱ्यात मूठभर सुकट. आणि पिंजऱ्यापासून चार फुटांवर बाकरवडी. ती सुकटीकडे बघतेय, मी तिच्याकडे आणि वॉचमनदादा आम्हा दोघींकडे.

‘मॅडम, जिवंत उंदीर ठेवून बघा की,’ दादांचा सल्ला.

मास कॉमला इंटरव्ह्यू घ्यायला शिकवलं, हेडिंग द्यायला शिकवलं, एडिटरची बोलणी खायलाही शिकवलं. मांजर कसं पकडायचं हा पेपरच नव्हता.

तर सुरुवातीपासून सांगते. बाकरवडी आमच्याकडे आली डिसेंबरात. आली म्हणजे काय, जिन्याखालच्या मीटरबॉक्सवर बसलेली दिसली. पिवळट अंग, त्यावर तपकिरी गोल गोल वळणं, म्हणून बाकरवडी. (पुण्यात राहून मांजराला ‘ब्राउनी’ म्हणायचं म्हणजे जरा जास्तच.) पहिल्या दिवशी मी तिला जे दिलं ते तुम्हीही दिलं असतं. दूध-पोळी. तिनं पोळी सोडून दूध प्यायलं आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात जे काही करून ठेवलं, ते सफाईवाल्या मावशींनी मला बोलावून दाखवलं.

मांजर आणि दूध ही जोडी आपल्या म्हणींनी जमवलीय, तिच्या पोटाला कुणी विचारलंच नाही. आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, मग जुलाब. आणि मांजर म्हणजे पक्का मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचं एक द्रव्य तिला मांस-मासळीतूनच मिळवावं लागतं, ते कमी पडलं की आधी डोळे जातात नाहीतर हृदय थकतं. त्यामुळे आपला वरणभात खाऊन ती दिवस काढेल, पण ते तिचं जेवण नव्हे. हे सगळं मला नंतर कळलं. मग कॅट फूडचं पाकीट आलं, स्टीलची जुनी ताटली आली आणि रोज संध्याकाळी साडेसातला डबा खुळखुळवायची सवय लागली. तिला आणि मलाही.

खोटं कशाला बोलू, मजा यायची. दिवसभर कुणी धड बोललेलं नसतं, पेमेंटचा मेल ‘अकाउंट्सला फॉरवर्ड केलाय’वर अडकलेला असतो, आणि खाली कुणीतरी आपल्या चपलांचा आवाज ओळखून उठून उभं राहतं. तुमच्यातल्या कित्येकांचं असंच असणार. हिंजवडीच्या कॅन्टीनमागे, खराडीच्या स्मोकिंग झोनमध्ये, क्लासच्या जिन्यात एखादी मनी असतेच, आणि डब्यातला चिकनचा तुकडा बाजूला काढून ठेवणारं कुणीतरीही असतंच. पाच मिनिटांचं काम, एक फोटो, तीस लाइक्स. आपण चांगले आहोत याचा पुरावा इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठे मिळतो?

मार्चमध्ये बाकरवडीला चार पिल्लं झाली.

पार्किंगच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी रिनोव्हेशनमधून उरलेल्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्या होत्या, त्यांच्या आत. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आजी सांगायची. बाकरवडीनं तीन घरं फिरवली. गोण्या, मग जनरेटरच्या मागची जागा, मग कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटखाली. त्या तिसऱ्या घरानंतर दोनच पिल्लं दिसली. गाडीवाल्यांचा दोष म्हणावा, तर सकाळी ऑफिसला निघताना बॉनेट उघडून बघायचं कुणाला सुचतं? (आता मला सुचतं. बॉनेटवर दोन थापा मारल्या तरी पुरतात. पावसाळ्यात आणि थंडीत तर हमखास माराव्यात.)

उरलेल्या दोघांतलं एक पिल्लू एका रात्री जिन्याशी एकटंच ओरडत होतं. डोळे जेमतेम उघडलेले, म्हणजे दहाएक दिवसांचं. मी ते उचलून वर आणलं. पहिली चूक ही. आई खायला गेलेली असू शकते, पिल्लं एकेक करून हलवत असू शकते. पिल्लू धोक्यात किंवा जखमी नसेल तर लांबून काही तास वाट बघायची असते. मी दहा मिनिटं बघितली. मग गाईच्या दुधात पाणी घालून ड्रॉपरनं पाजलं, आपण तान्ह्या बाळाला मांडीवर धरतो तसं उताणं धरून. ते गार पडलेलं होतं, म्हणून वाटलं की पोटात काही गेलं तर अंगात ऊब येईल. पहाटे चारला ते माझ्या हातातच गेलं. नाकातून दुधाचा बुडबुडा आलेला होता.

सकाळी व्हेटनं शांतपणे समजावलं. गार पडलेल्या पिल्लाला पचवता येत नाही, त्याला आधी ऊब द्यायची, मग दूध. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची. दूध गाईचं नाही, पिल्लांसाठी मिळणाऱ्या पावडरचं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजताना पिल्लू पालथं, आईला प्यायला पडतं तसं. उताणं पाजलं की दूध फुप्फुसात जातं. आणि दूध पाजून झालं की ओल्या कापसानं खालून हलकं पुसायचं, कारण एवढ्या लहान पिल्लांना आईनं चाटल्याशिवाय शी-शूदेखील होत नाही. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. कशासाठी कोण जाणे. चौथं पिल्लू आईनंच वाढवलं आणि दोन महिन्यांचं झाल्यावर ते एका मैत्रिणीच्या घरी गेलं. चारातलं एक. लोक म्हणाले, वा, एकाला तरी घर मिळालं!

मला मात्र एकच हिशेब सुचत होता. डिसेंबरात हाडं दिसणारी ही मांजर माझ्या ताटलीवर गुटगुटीत झाली, म्हणून मार्चमध्ये चार पिल्लं झाली. ताटली मीच भरत होते.

हिशेब खरंच भयंकर आहे. मांजरीचे दिवस भरतात साधारण त्रेसष्ट ते पासष्ट दिवसांत. मादी चार-पाच महिन्यांची झाली की ती स्वतःच पिल्लं घालायला तयार. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे वर्षाला दोन-तीन वेळा, आणि त्यातल्या मुली दिवाळीच्या आत आया. हे सगळं पार्किंगमध्ये, चाकांखाली, कुत्र्यांच्या तावडीत. वर पॅनल्यूकोपेनिया नावाचा व्हायरस आहेच. लस न घेतलेल्या पिल्लांत तो शिरला की घरच्या घर साफ. आपल्याला फक्त वाचलेली दिसतात, म्हणून वाटतं की मांजरं कशीही जगतात.

आता दुसरी बाजू, म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या काकू.

काकूंच्या तुळशीच्या कुंडीत बाकरवडी रोज सकाळी उकरायची, आणि पुढचं तुम्हाला माहितीय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘हिला दया येते, पण धुवायला मी!’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी भाडेकरू. मीटिंगला मला बोलवलंही नव्हतं, मी आपली ‘जनरल’ म्हणून जाऊन बसले होते. सेक्रेटरी काकांचं म्हणणं, ‘हे बघा, गोणीत भरून कात्रजच्या घाटात सोडून येऊ, विषय संपला.’

मी तयारी करून गेले होते. १९६०चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा आहे. (त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. हो, रुपये. एका वडापावात क्रूरता मिटते.) पण १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३२५ आहे. कुठल्याही प्राण्याला मारलं, विष घातलं, जायबंदी केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. आणि २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत तर चक्क लिहिलंय की आवारात राहणाऱ्या, कुणाच्या मालकीच्या नसलेल्या प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था लावणं हे रहिवासी संघटनेचं काम. जागा ठरवायची ती जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून, मुलं खेळतात तिथून लांब. वेळ ठरवायची. आणि खायला घालणाऱ्यानं घाण करायची नाही.

हे मी वाचून दाखवलं. सेक्रेटरी काका म्हणाले, ‘म्हणजे तुम्हीच नियम मोडताय. तुम्ही जिन्याखाली घालता.’

बरोबर होतं की त्यांचं!

एक आजोबा मधेच आठवणींत शिरले. पेठेत त्यांच्या वाड्यात पाच मांजरं होती म्हणे, माळ्यावर उंदीर होते, कुणाची कुणाविरुद्ध तक्रार नव्हती. वाडा पडला, तिथं आता खाली तीन मजली पार्किंग आहे. मांजरं कुठं गेली? कुणी विचारलं नाही. मीही जोशात येऊन रात्री ग्रुपवर एक माहिती टाकली. प्लेगच्या काळात वऱ्हाडात, अमरावतीला काम करणारे अँड्र्यू ब्यूकॅनन नावाचे ब्रिटिश डॉक्टर होते. ज्या गावांत मांजरं जास्त तिथं प्लेग कमी, असं त्यांचं निरीक्षण होतं आणि १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी मांजरांची ही बाजू मांडली होती. १८९७च्या प्लेगनं होरपळलेल्या पुण्यात तरी याची कदर व्हावी की नाही? तेरा मिनिटांनी एक रिप्लाय आला, ‘आता प्लेग नाही.’ खाली चार थम्स अप.

पण हसण्यावारी नेण्यासारखा विषय नाहीये. फेब्रुवारी २०२५मध्ये हडपसरच्या एका सोसायटीतल्या फ्लॅटची बातमी तुम्ही वाचली असेल. एका घरात तीनशेहून जास्त मांजरं. वासानं आणि आवाजानं शेजारी हैराण, शेवटी महापालिकेची नोटीस. रहिवाशांच्या म्हणण्याप्रमाणे २०२०मध्ये हाच आकडा पन्नासच्या आसपास होता. त्या बातमीवर सगळ्यांनी भरपूर विनोद केले. मला मात्र ती वाचून घाम फुटला होता. वाईट हेतूनं कुणी तीनशे मांजरं गोळा करत नाही. पहिल्यासाठी दया येते, दुसऱ्यासाठी येते, आणि मधल्या काळात ‘ऑपरेशन करून घेऊ कधीतरी’ हे ‘कधीतरी’वरच राहतं. बाकरवडीचंही तेच चाललं होतं.

कात्रजच्या घाटाचाही उपयोग नसतोच. एक तर तिथं सोडलेली मांजर मरते. दुसरं, खाणं आणि आडोसा आहे तिथली मांजरं काढली की पलीकडच्या गल्लीतली येऊन बसतात. त्यापेक्षा ऑपरेशन झालेली, कानाचं टोक कापलेली (ती खूण असते, लांबूनच कळावं म्हणून) दोन मांजरं आपापली जागा राखून बसलेली बरी. ती रात्री गळे काढत नाहीत, बोके फारसे मारामाऱ्या करत नाहीत, संख्या वाढत नाही. मुंबई महापालिकेनं २०१९मध्ये भटक्या मांजरांच्या नसबंदीचं काम सुरू केलं, पुण्यानंही नंतर ते हातात घेतलं. घरी पाळलेल्या मांजरांची नोंदणी करायची, असंही पुणे महापालिकेनं २०२२मध्ये ठरवलं. (तुमच्या सोफ्यावरच्या पर्शियनची केलीत का? नाही ना? वाटलंच.) मुंढव्याची ब्ल्यू क्रॉस आहे, नेहा पंचमियांनी २००७मध्ये सुरू केलेली रेस्क्यू आहे. जखमी जनावराच्या वेळी शहराला याच संस्था आठवतात. पण एक गोष्ट पिंजरा हातात घेतल्याशिवाय कळत नाही. संस्था ऑपरेशन करेल, डॉक्टर टाके घालेल, पण तुमच्या जिन्याखालची मांजर कुठल्या वेळी कुठून येते आणि कुणाला घाबरत नाही, हे फक्त तुम्हालाच माहीत असतं. कारण रोज खायला तुम्ही घालता.

काकूंशी तह झाला तो असा. ‘ऑपरेशन कर, मग घाल खायला. पण मागच्या कंपाउंडला. माझ्या तुळशीजवळ नको.’ मी म्हटलं, डन. मागच्या बाजूला एका फुटक्या बादलीत वाळू भरून ठेवली. मांजराला उकरायला मऊ जागा हवी असते, तुळशीवर तिचा राग नव्हता. त्या वाळूची साफसफाई अर्थातच माझ्याकडे.

मग पिंजरा आणला. पहिली रात्र, कॅट फूड. ती आलीच नाही. दुसरी रात्र, चिकन. शेजारच्या सोसायटीचा बोका आत शिरला, निवांत जेवला, मी दार पाडायच्या आत गेला. शिंकं तुटायचीही वाट त्यानं पाहिली नाही. तिसऱ्या दिवशी गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून सुकट आणली. तुपाच्या फोडणीपलीकडे काही माहीत नसलेल्या आमच्या जिन्यात तिचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. ग्रुपवर ‘गॅस लीक आहे का?’ असा मेसेज आला. मी फोन सायलेंटवर टाकला.

तर पाऊण वाजला होता. एक वाजला. बाकरवडीचे पुढचे पाय पिंजऱ्यात, मागचे बाहेर. जिन्याचा बल्ब नेमका पिंजऱ्यावर पडत होता आणि दोरी हलली की तिची सावली भिंतीवर हलायची. प्रत्येक वेळी ती मागे सरकायची. मला उठून बल्ब बंद करता येईना. उठले तर सगळंच मुसळ केरात.

एवढ्यात बल्ब बंद झाला.

मी वर बघितलं. पहिल्या मजल्यावरच्या जिन्यात, गाऊनवर ओढणी घेतलेल्या काकू बटणापाशी उभ्या होत्या. तोंडावर बोट.

दोन मिनिटं गेली असतील. अंधारात सुकट चावल्याचा कुरकुर आवाज आला. मी दोरी सोडली. धाड! पुढचा आवाज मी कागदावर लिहू शकत नाही. वर तीन खिडक्यांत दिवे लागले. घाईघाईत पिंजऱ्यावर चादर टाकताना माझ्या मनगटावर तिनं लांबलचक ओरखडा काढला. (चादर आधीच अर्ध्या पिंजऱ्यावर घालून ठेवायची असते, झाकलं की ती शांत होते. आणि ओरखडा किंवा चावा झाला तर पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं, त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टर गाठायचा. ‘मांजरच तर आहे’ असं म्हणायचं नाही. मी पूर्ण कोर्स घेतला.)

सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी तिचं पोट चाचपलं आणि माझ्याकडे बघितलं. ‘गाभण आहे. तीनेक आठवड्यांची. करायचं?’

मला वाटलं होतं, अवघड भाग रात्री संपला. फॉर्मवर मालकाच्या नावाच्या जागी माझं नाव होतं. बाकरवडी गुंगीत होती, कानामागे चिखल सुकलेला. नाही म्हटलं तर जूनमध्ये, ऐन पावसात, पुन्हा चार-पाच पिल्लं, त्याच सिमेंटच्या गोण्या, तीच बॉनेटं. हो म्हटलं तर, जी आहेत ती आत्ताच नाहीत. तिला विचारायची सोय नाही. मी विचारलं, तिला धोका? डॉक्टर म्हणाल्या, एवढ्या लवकर फार नाही. मी ‘करा’ म्हटलं आणि सही केली. आजही कुणी ‘किती छान काम करतेस गं’ म्हणालं की मला ती सही आठवते. चुकीची होती असं वाटत नाही. पण छान होती असंही नाही.

पुढचे चार दिवस बाकरवडी आमच्या बाथरूममध्ये होती. रूममेट ऑफिसच्या जिममध्ये आंघोळ करून कामाला बसायची आणि घरी आल्यावर माझ्याशी एक शब्द बोलायची नाही, पण बाथरूमच्या दाराखालून पंख्याची हवा जावी म्हणून टेबलफॅन तिनंच लावून ठेवला होता. एका संध्याकाळी ती प्रेमानं पॅरासिटामॉलची अर्धी गोळी कुस्करत होती, ‘बिचारीला दुखत असेल’ म्हणून. मी ओरडलेच. आपल्याला साधी वाटणारी ही गोळी मांजरासाठी सरळ विष आहे, अर्धीसुद्धा. आपल्या औषधांच्या डब्यातलं काहीही तिला द्यायचं नाही, जे द्यायचं ते डॉक्टर देतात.

पाचव्या दिवशी टाके बघून डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला. पिंजरा तिथंच, पार्किंगमध्ये, उघडला. बाकरवडी बाणासारखी सुटली, कंपाउंडवर चढली आणि मागे वळूनही न बघता पलीकडे गेली. डाव्या कानाचं टोक नव्हतं.

आठ दिवस ती आली नाही. मी साडेसातला मागच्या कंपाउंडला डबा खुळखुळवायची, ताटली भरून ठेवायची, सकाळी तिच्यावर मुंग्या. चपलांचा आवाज ओळखणारी मांजर आता तोच आवाज ऐकून लांब जात असेल, हे मी धरूनच चालले होते. नवव्या दिवशी ताटली चाटूनपुसून स्वच्छ. दहाव्या दिवशी ती स्वतः दिसली, माझ्यापासून दहा फुटांवर. आता सहा फूट झालेत. हात लावू देत नाही.

गेल्या आठवड्यात सकाळी सकाळी फोन. काकू.

‘अगं, तो पिंजरा परत देऊन टाकलास का?’

‘का हो काकू?’

‘मागच्या बाजूला एक काळी आलीये. पोट अजून सपाट दिसतंय, पण काही सांगता येत नाही बाई. आणि हे बघ, सुकट आणशील तेव्हा डब्यात घालून आण.’